नऊ हात

मला पोहायला येऊन सतरा दिवस झाले होते
तेव्हा मी पहिली पोरगी पाण्यात उतरवली.
समरीन. आठवीतली. पाठीला तेलाचा रिकामा डबा,
पोटावर तिच्याच ओढणीची गाठ,
आणि दोराचं दुसरं टोक माझ्या मनगटाला.
मनगट थरथरत होतं.
तिला वाटलं, पाणी ओढतंय.

गवळ्याच्या विहिरीला सोळा पायऱ्या.
त्या वर्षी पाणी अकरावीला होतं.
काठावरून समोरच्या कपारीकडं, जिथं पारवे घुमतात,
मी बिनडब्याची नऊ हात मारू शकत होते.
दहाव्याला दम जायचा, मग कपार धरायची
आणि शेवाळात नखं रुतवून हसायचं,
जणू तिथंच थांबायचं होतं.
एवढ्या शिदोरीवर मी मास्तरीण.

पारावर बोललेच कुणीतरी :
"बुडाली पोरगी तर ही काढणार,
अन् हिला कोण काढणार?"
खरंच होतं. उत्तर नव्हतं. दोर तेवढा नवा घेतला,
कळंबच्या बाजारातून, तीस हात, जाड.

आधी किशनतात्यांना विचारून पाहिलं होतं.
शिवारात त्यांच्यासारखं पोहणारं कुणी नाही.
म्हणाले, "त्यात काय शिकवायचं? उडी मारायची."
आणि मारली. वर आले ते मिशांतून पाणी गाळत.
मासोळीला विचारा पाणी कसं असतं,
ती बिचारी काय सांगणार.

माझं मात्र सगळं ताजं होतं.
कान भरले की आपलंच काळीज घरघरतं, गिरणीसारखं,
आणि पाय तळ शोधायला गेले
की बाई खाली जाते, हे मला परवाच कळलेलं.
म्हणून समरीनला म्हटलं, "तळ नाहीच असं समज.
पाय झाड, सतरंजी झटकतेस तसे."
तिनं झटकले.
डबा वर, पोरगी डब्याखाली,
आणि हातातला दोर एकदम सैल.

त्या दिवशी बाजार होता. डाळ आणायची राहिली.

मग द्रौपदा आली, तिच्या दोघी जावा आल्या,
अंगणवाडीच्या सुलोचनाताई कासोटा मारून, चष्म्यासकट.
"उताणं कसं पडायचं गं?"
"येत नाही मला."
"मंग?"
"उद्या सांगते."

ही उद्याची तयारी दिवेलागणीला.
नवरा काठावर बॅटरी धरून :
"काहून जीव द्यायलालीस, सांग तरी."
तीनदा नाकात पाणी गेलं.
चौथ्यांदा दिसलं आभाळ,
विहिरीच्या तोंडाएवढं, भाकरीसारखं गोल,
कडेला थोडं करपलेलं.

त्याला सांगितलं नाही. काय सांगणार?
धनेगावच्या पाण्यात एक वाळकी बाभळ उभी आहे,
तिच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात.
काठापासून दोनशे हात असेल, जास्तच.
चौदा वर्षं एसटीतून बघतेय.
त्या रस्त्याला मी खिडकीची सीट कुणाला देत नाही,
लेकुरवाळीलासुद्धा नाही.
एकदा जाऊन तिला हात लावायचा.
बस. पुढं काही नाही.

काल समरीननं डबा सोडला.
मी काठावरून मोजत होते : आठ, नऊ, दहा, अकरा.
माझ्या घशात काहीतरी अडकलं. आनंद म्हणावा तर
त्याला एक बारीक काटा होता.
ती परत आली, केस पिळले, म्हणाली,
"ताई, तुम्ही श्वास धरून ठेवता.
पाण्यातच सोडत जा, बुडबुडे करत. मी बघते रोज."

रोज बघत होती. मी शिकवत असताना.

दोराचं टोक मी तिच्या हाती दिलं.
दहाव्या हाताला तोंडातून बुडबुडे निघाले,
अकरावा मोजायचा राहून गेला,
कपार डोक्याला लागली तेव्हा कळलं, आलो.
पारवे भडकून वर गेले.

बाभळ अजून लांबच आहे.
उद्या तांबोळ्याची नवी सून येणार आहे, पाण्याला भिते म्हणे.
तिला हे बुडबुड्यांचं सांगायचं,
ओलं आहे तोवर.